हाडाची हाक : डॉ. मार्शल युरिस्ट ह्यांची जीवनकथा

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी उजवा हात गळ्यात अडकवून आला. सुटीत तो जांभळाच्या झाडावरून पडला होता व त्याचे मनगटाच्या वरचे हाड मोडले होते. पांढऱ्या प्लॅस्टरवर सोबत्यांनी आपापली नावे लिहिली, कोणी क्रिकेटची बॅट काढली, आणि चार दिवसांत ते प्लॅस्टर वर्गाच्या भित्तिपत्रकासारखे दिसू लागले. यथाकाल ते निघाले. हात पूर्ववत् झाला. पुढे एके दिवशी आम्ही इतिहासाचा तास घेत असता तोच हात वर करून त्याने आम्हांस विचारले की, आपण मोडलो आहोत हे हाडाला कळते कसे, आणि आता जुळलो, आता थांबावे, हे त्यास कोण सांगते?

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. पानिपतावर कोण कोठे उभे होते हे आम्ही सांगू शकतो. हाडाच्या आत काय घडते हे आम्हांस ठाऊक नव्हते. तसे आम्ही त्या मुलास प्रामाणिकपणे सांगितले आणि शोधून सांगण्याचे वचन दिले. शास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांस विचारले, पुस्तके चाळली. त्या शोधात एका अमेरिकन शल्यवैद्याचे चरित्र हाती लागले. ज्या प्रश्नाने आमची त्रेधा उडविली, त्याच्याशीच त्या गृहस्थांनी आपले सारे आयुष्य बांधून घेतले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे आम्ही उशिरा दिलेले उत्तर होय.

मोडलेले हाड जुळते, ही गोष्ट मनुष्यास फार पुरातन कालापासून ठाऊक आहे. गावोगावचे हाडवैद्य कामट्या बांधून हाड बसवीत आले, आणि आजचे शल्यवैद्य पट्ट्या व खिळे वापरतात. परंतु नीट विचार केला तर हे दोघेही एकच गोष्ट करतात. ते तुकडे सरळ ठेवतात व हलू देत नाहीत. प्रत्यक्ष सांधण्याचे काम शरीर स्वतःच करते. त्यातही एक नवल आहे. त्वचा खोल कापली तर तेथे व्रण राहतो, मूळची त्वचा पुरतेपणी परत येत नाही. हाड मात्र हाडानेच भरून येते. काही काळाने ते कोठे मोडले होते हेही पुष्कळदा ओळखू येत नाही. मग हे नवे हाड येते कोठून?

आपल्या शरीराला जोडून व सावरून धरणारी जी ऊतके आहेत त्यांस संयोजी ऊतके म्हणतात. हाड, सांध्यांतील कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, चरबी ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. ती ज्या मूळ पेशींपासून उत्पन्न होतात त्यांचा व्यवसाय आरंभी ठरलेला नसतो. शाळेतल्या मुलासारखीच ही गोष्ट आहे. आज बाकावर बसलेला मुलगा उद्या गवंडी होईल, वैद्य होईल किंवा तांडेल होईल. आज तो केवळ विद्यार्थी असतो. अशा पेशींस मूलपेशी म्हणतात, आणि तिने एखादा निश्चित व्यवसाय पत्करणे ह्यास शास्त्रज्ञ पेशींचे विभेदन म्हणतात. तिने कोणता व्यवसाय पत्करावा हे तिला सुचविणारी जी प्रथिने, ती वृद्धिघटक ह्या नावाने ओळखली जातात. हे सारे आज पाठ्यपुस्तकांत येऊ लागले आहे. परंतु हाडाच्या बाबतीत असा काही सुचविणारा आहे, आणि तो हाडाच्याच पोटात दडून बसला आहे, हे जगाच्या गळी उतरविण्याचे श्रेय मुख्यत्वेकरून डॉ. मार्शल युरिस्ट ह्यांचे आहे.

युरिस्ट ह्यांचा जन्म १९१४ साली शिकागो शहरी झाला. त्यांचे बालपण मिशिगन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठच्या साउथ हेवन ह्या लहानशा गावी गेले. मिशिगन विद्यापीठाची पदवी संपादन केल्यावर ते पुन्हा शिकागोस आले, आणि तेथे फ्रँकलिन मॅक्लीन ह्या शरीरशास्त्रज्ञांचा सहवास त्यांस लाभला. मॅक्लीन ह्यांचा विषय हाड व त्यातील कॅल्शियम हा होता. गुरूच्या विषयाची गोडी शिष्यास लागली ती कायमची. पुढे १९४१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून युरिस्ट वैद्यकाचे पदवीधर झाले. मोडलेले हाड जुळताना त्यात कॅल्शियम कसे साचते ह्यावर गुरुशिष्यांचा एक निबंधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्या वेळी युरिस्ट ह्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

नंतर दुसरे महायुद्ध आले. अन्य तरुण डॉक्टरांप्रमाणे युरिस्टही सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. युद्धातील जखमा ह्या झाडावरून पडलेल्या मुलाच्या जखमांसारख्या नसतात. तेथे हाड नुसते मोडत नाही, त्याचा मोठा तुकडाच नाहीसा होतो. अशी पोकळी शरीरास आपण होऊन भरून काढता येत नाही. तेव्हा शल्यवैद्यास रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढून तेथे बसवावा लागे. म्हणजे एक जखम भरण्यासाठी दुसरी जखम करावी लागे. आजही पुष्कळ ठिकाणी हाच उपाय करतात. अस्थिरोगांचा व्यवसाय पत्करलेल्या माणसापुढे हा प्रश्न रोजच उभा राहणार, हे उघड आहे.

युद्धोत्तर काळात युरिस्ट लॉस एंजेलिस येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले व तेथे त्यांनी अस्थिसंशोधनाची प्रयोगशाळा उभारली. सकाळी रुग्ण तपासणारा शल्यवैद्य आणि प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्या न्याहाळणारा संशोधक, अशी दोन आयुष्ये ते एकाच वेळी जगले. १९५५ साली मॅक्लीन व युरिस्ट ह्या जोडीने हाडाच्या शरीरक्रियेवर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो ह्या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे, कारण कोणताही शोध एकाच माणसाच्या अंगणात उगवत नाही. १८८९ साली निकोलस सेन ह्या शिकागोच्याच शल्यवैद्याने बैलाच्या हाडातील क्षार आम्लाने काढून टाकून ते मऊ हाड रुग्णांच्या हाडांतील पोकळ्यांत भरले होते, आणि त्या पोकळ्या भरून येताना दिसल्या होत्या. १९३१ साली चार्ल्स हगिन्स ह्यांस कुत्र्याच्या मूत्राशयाचे अस्तर दुसऱ्या ठिकाणी रुजविले असता तेथे हाड तयार झालेले आढळले. १९३८ साली स्वीडनच्या लेव्हांडर ह्यांनी हाडाचा मद्यार्कातील अर्क स्नायूंत टोचून तसाच अनुभव घेतला. १९४५ साली बेल्जियमच्या लाक्रुआ ह्यांनी तर अशा अज्ञात द्रव्यास ऑस्टिओजेनिन असे नावही सुचविले. तथापि हे सर्व अनुभव सुटे सुटे राहिले. कोणी त्यांस अपघात म्हटले, कोणी सूज म्हटले. धागा होता, ओवणारा हवा होता.

युरिस्ट मूळचा शोध घेत होते तो कॅल्शियम हाडात कसे साचते ह्याचा. एखाद्या हाडातील क्षार काढून टाकले आणि ते शरीरात पुन्हा ठेवले तर त्यात कॅल्शियम परत भरेल काय, हे त्यांस पाहावयाचे होते. आमच्या विद्यार्थ्यांनी कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून पाहावे. आम्लाने त्यातील क्षार विरघळतात, आणि उरते ते रबरासारखे वाकणारे हाड. हे उरलेले द्रव्य बहुतांशी कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. युरिस्ट ह्यांनी हेच काम हायड्रोक्लोरिक आम्लाने केले. असे मऊ, क्षारहीन आणि पूर्णपणे मृत हाड त्यांनी सशांच्या व उंदरांच्या स्नायूंत ठेवले. स्नायूंत ठेवण्यात मर्म होते. हाडाच्या शेजारी नवे हाड आले तर ते शेजाऱ्याकडून आले असे म्हणता येते. स्नायूंत हाडाचा शेजार नसतो. तेथे हाड येण्याचे काहीच कारण नसते.

काही आठवड्यांनी त्यांनी ते भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जुन्या हाडात कॅल्शियम भरले की नाही हा प्रश्न आता मागे पडला. कारण जुने हाड विरघळत चालले होते आणि त्याच्या जागी नवे, जिवंत हाड उभे राहिले होते. त्याच्या पोटात मज्जाही होती. मृत हाडाने जिवंत हाडाला जन्म दिला होता. नवे हाड तर त्या प्राण्याच्याच पेशींनी बांधले होते. ज्या पेशी एरवी स्नायूंतील साधे तंतू विणीत बसल्या असत्या, त्यांनी आपला व्यवसाय बदलून हाड बांधावयास घेतले. मृत हाडात असे काहीतरी होते की ज्याने त्यांस हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली. आमच्या घरच्या कोंकणीत हाकेला उलो म्हणतात. शेताच्या ह्या बांधावरून मारलेला उलो त्या बांधावरच्या माणसाला कामाला बोलावून आणतो, तशीच ही गोष्ट झाली.

१९६५ साली युरिस्ट ह्यांनी हा प्रयोग सायन्स ह्या प्रसिद्ध नियतकालिकात मांडला. आज तो निबंध अस्थिशास्त्रातील एक मैलाचा दगड मानला जातो. त्यातील सर्वच गोष्टी टिकल्या असे मात्र नव्हे. हाकेला ओ देणाऱ्या पेशी कोणत्या, ह्याविषयीचा त्यांचा तर्क पुढे बदलावा लागला. परंतु हाडातच हाड घडविणारी शक्ती आहे हा गाभा टिकला. १९७१ साली बेसिल स्ट्रेट्स ह्या सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी ह्या अज्ञात द्रव्याचे बारसे केले. ते प्रथिन असले पाहिजे असे त्यांचे अनुमान होते, म्हणून त्यांनी नाव ठेवले बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे हाडाला आकारास आणणारे प्रथिन. संक्षेपाने त्यास बीएमपी म्हणतात.

बारसे झाले खरे, पण बाळ कोणी पाहिले नव्हते! येथून युरिस्ट ह्यांच्या आयुष्यातील खडतर काळ सुरू झाला. जे द्रव्य आहे असे आपण म्हणता ते आम्हांस दाखवा, अशी मागणी होणे साहजिकच होते, आणि ते दाखविता येत नव्हते. अडचणी दोन होत्या. पहिली, ते द्रव्य अत्यल्प. किलोभर हाडात ते काही मायक्रोग्रॅम इतकेच सापडे, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दुसरी, ते कोलॅजेनच्या जाळ्यात इतके घट्ट गुंतलेले की, साध्या पाण्याने वा क्षारजलाने सुटून येत नसे. युरिस्ट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे हाडे दळीत होते, धूत होते, गाळीत होते. हाडांची काडे करणे हा वाक्प्रचार त्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थांनी खरा ठरला. १९८४ साली त्यांनी बैलाच्या हाडातून हे प्रथिन शुद्ध रूपात मिळाल्याचे जाहीरही केले; परंतु पुढे खरी बीएमपी प्रथिने हाती आली तेव्हा त्यांच्याशी त्याचा मेळ बसला नाही. ज्यास आपण नाव दिले ते आपल्या हातून निसटत आहे, हा अनुभव किती कडू असेल ह्याची कल्पना विद्यार्थ्यांनी करावी.

दरम्यान इतर ठिकाणीही कामे चालू होती, आणि त्यांत आपणां भारतीयांस अभिमान वाटावा असा एक भाग आहे. दिल्ली विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविलेले हरी रेड्डी हे शिकागोस हगिन्स ह्यांच्याकडे गेले होते. ह्या दोघांनी क्षारहीन हाडाची पूड उंदराच्या त्वचेखाली ठेवून, कोणत्या दिवशी काय घडते ह्याचे जणू पंचांगच तयार केले. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पुडीभोवती मूळ पेशी जमून वाढू लागतात. पाचव्या दिवशी कूर्चेच्या पेशी दिसू लागतात, आणि सातव्या-आठव्या दिवशी कूर्चा तयार होते. नवव्या दिवशी तीत रक्तवाहिन्या शिरतात. दहाव्या ते बाराव्या दिवशी हाड बांधणाऱ्या पेशी कामास लागतात, आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास त्या नव्या हाडात रक्त उत्पन्न करणारी मज्जा भरते. गर्भात हाड घडते तेव्हा आधी कूर्चेचा साचा आणि मग हाड हाच क्रम असतो. म्हणजे मोडलेले हाड जुळताना शरीर आपल्या जन्मकाळचा धडा पुन्हा गिरविते!

१९८१ साली कुबेर संपत व हरी रेड्डी ह्यांनी आणखी एक मार्मिक प्रयोग केला. तीव्र द्रावणाने त्यांनी हाडाच्या पुडीतून विरघळणारा भाग वेगळा काढला. तो भाग एकटा ठेवला तर हाड होत नसे. उरलेला चोथा एकटा ठेवला तरी होत नसे. दोन्ही पुन्हा एकत्र केले की हाड होई. हाक मारणारा हवा, तशी त्याला उभे राहण्यास जागाही हवी, असे ह्यावरून सिद्ध झाले.

आणि ओ देणारा कोण? त्याचा शोध दूर मॉस्को येथे लागत होता. तेथील अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात व १९७० च्या सुमारास दाखवून दिले की, अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशींखेरीज आणखी एक जात आहे. ह्या पेशी काचेला चिकटून वाढतात, एका पेशीची वसाहत होते, आणि त्यांस शरीरात परत ठेवले असता त्या हाड घडवितात. पुढे अशा पेशींपासून कूर्चा व चरबीही होते असे दिसून आले. त्या काळी अमेरिका व रशिया ही राष्ट्रे एकमेकांकडे संशयाने पाहत होती. एकीकडे हाक शोधली जात होती, दुसरीकडे कान शोधला जात होता. आणि दोन्ही गोष्टी एकाच हाडात नांदत होत्या.

अखेर १९८८ साल उजाडले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील जेनेटिक्स इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत जॉन वोझ्नी, एलिझाबेथ वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या हाडांतून त्या प्रथिनाचा अत्यल्प अंश शुद्ध केला, त्यावरून त्याचे जनुक ओळखले, आणि मनुष्याची तशी जनुके वेगळी काढली. आता ते प्रथिन प्रयोगशाळेत हवे तितके करता येऊ लागले. पहिल्या काही प्रथिनांपैकी एक पुढे निराळेच निघाले, तो एक विकर होता. बाकीची मात्र खरी. ती एका मोठ्या कुटुंबातील होती. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा नावाचा वृद्धिघटक ह्याच कुटुंबातला. ह्या प्रथिनांस नाव कोणते द्यावयाचे? नव्या संशोधकांनी युरिस्ट ह्यांनी १७ वर्षांपूर्वी ठेवलेलेच नाव कायम केले. पहिल्या निबंधापासून मोजल्यास २३ वर्षांनी बाळ पाळण्यात आले. युरिस्ट तेव्हा ७४ वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक लहानसा पण मोलाचा अहवाल प्रसिद्ध केला. मांडीचे हाड वारंवार शस्त्रक्रिया करूनही न जुळलेले १२ रुग्ण होते. मनुष्याच्या हाडातून काढलेले, अंशतः शुद्ध केलेले बीएमपी त्यांच्या हाडात ठेवण्यात आले. १२ पैकी ११ जणांचे हाड जुळले. प्रथिन पूर्ण शुद्ध करण्याचा मान दुसऱ्यांकडे गेला असेल; परंतु ज्यांना चालता येत नव्हते त्यांस चालविण्याचा आनंद ह्या वृद्ध शल्यवैद्यास मिळाला.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. हाक पेशीस कळते कशी? शाळेतील सूचनावहीचा दाखला घ्यावा. बाहेरून आलेला मनुष्य थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जात नाही. बीएमपी हे प्रथिनही पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरच्या खिडकीशी थांबते. खिडकीशी दोन कारकून बसलेले असतात. ते म्हणजे दोन जातींचे ग्राही. बीएमपी दोघांस एकत्र आणते. मग पहिला दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतो, आणि जागा झालेला दुसरा आतल्या शिपायावर तोच शिक्का मारतो. ह्या शिपायांस स्मॅड असे नाव आहे. शिक्का मिळालेला स्मॅड आपल्या एका जोडीदारास घेऊन पेशीच्या केंद्रकात जातो, आणि तेथे जनुकांच्या दप्तरातील नेमके पान उघडले जाते. रनएक्स-दोन नावाचे पान उघडले तर पेशी हाड बांधू लागते. सॉक्स-नऊचे पान उघडले तर ती कूर्चेच्या मार्गास लागते. ह्याच कुटुंबातील आणखी काही घटक तिला कंडरेकडे वळवितात. कोणते पान उघडावे हे केवळ हाकेवर अवलंबून नसते. हाक किती मोठी, ती किती वेळ चालू आहे, जवळ रक्तवाहिन्या आहेत की नाहीत, तुकडे स्थिर आहेत की हलत आहेत, ह्या साऱ्यांचा विचार होतो. मोडलेले हाड फार हलत राहिले तर तेथे कूर्चा व तंतूच वाढत राहतात आणि हाड जुळत नाही. प्लॅस्टर कशासाठी घालतात ते आता ध्यानी यावे.

आणि थांबावे हे कोण सांगते? शरीरात ह्या हाकेस आवर घालणारी प्रथिनेही असतात. नॉगिन हे त्यांपैकी एक. ते बीएमपीला वाटेतच धरून ठेवते, खिडकीपर्यंत पोहोचू देत नाही. पेशींच्या आतही हाक मंद करणारे स्मॅड असतात. हा आवर किती मोलाचा आहे हे एका दुर्मिळ रोगावरून कळते. दहा-वीस लाखांत एखाद्या मुलास तो होतो. अशा मुलास किरकोळ मार लागला तरी त्याच्या स्नायूंत व कंडरांत हाड वाढू लागते, आणि हळूहळू सांधे कायमचे जखडून जातात. ह्या रोगाचे कारण २००६ साली सापडले. बीएमपीची हाक घेणाऱ्या ग्राहीच्या जनुकात एक लहानशी चूक असते, आणि त्यामुळे खिडकीवरचा कारकून नको तेव्हाही शिक्के मारीत सुटतो. हाक मारणे जितके आवश्यक, तितकेच गप्प राहणेही आवश्यक आहे.

युरिस्ट ह्यांनी १९६६ ते १९९३ पर्यंत अस्थिशल्यशास्त्रातील एका नामांकित नियतकालिकाचे संपादन केले. स्वतःचे प्रयोग चालू असता २७ वर्षे दुसऱ्यांचे निबंध वाचणे व सुधारणे हे काम सोपे नव्हे. नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले नाही. २००१ च्या फेब्रुवारी महिन्यात लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते निवर्तले. पुढच्याच वर्षी, २००२ साली, प्रयोगशाळेत केलेले बीएमपी-दोन पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास अमेरिकेच्या सरकारी खात्याने अनुमती दिली. ते पाहण्यास युरिस्ट नव्हते. ह्या औषधाचा वापर पुढे अनुमतीच्या मर्यादेबाहेरही झाला. मानेच्या शस्त्रक्रियेत त्यामुळे घातक सूज येते असे आढळून आल्यावर २००८ साली त्याच खात्यास तशी सूचना काढावी लागली. नैसर्गिक हाडात जे मायक्रोग्रॅमने मोजावे लागते, ते मिलिग्रॅमने ओतले की असे अनर्थ ओढवतात.

ह्या कथेतील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली, ती सांगून हा लेख पुरा करतो. माशीस हाड नसते हे सर्वांस माहीत आहे. परंतु फळांवर घोंगावणाऱ्या चिमुकल्या माशीच्या शरीरात बीएमपीच्या कुळातील एक प्रथिन असते. अंड्यातील जीवाची पाठ कोठली व पोट कोठले हे ठरविण्यास ते मदत करते. १९९३ साली संपत व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीचे हे प्रथिन उंदराच्या त्वचेखाली ठेवले, आणि तेथे हाड तयार झाले! माशीने हाड कधी पाहिलेही नाही. तरी तिची हाक उंदराच्या पेशींस कळली. हाक तीच, अतिशय प्राचीन. तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या घडणीप्रमाणे लावावयाचा.

आपल्या भाषेत एखाद्याचा ध्यास सांगावयाचा तर त्यास हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक असे म्हणतात. मार्शल युरिस्ट हे शब्दशः हाडाचे संशोधक होते. त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसरेच काही पाहिले आणि ते चुकीचे म्हणून टाकून दिले नाही. त्यांनी ज्यास नाव दिले ते १७ वर्षे जगास दाखविता आले नाही, तरी हाडे दळणे सोडले नाही. आणि दाखविण्याचा मान दुसऱ्यांस मिळाला, तेव्हा आपल्या हाती असलेल्या अपुऱ्या द्रव्याने त्यांनी ११ माणसांस उभे केले.

ज्याचा हात जुळला त्या आमच्या विद्यार्थ्याने हा लेख छापण्यापूर्वी वाचला. मग त्याने विचारले की, पाठ आणि पोट ठरविणाऱ्या माशीच्या प्रथिनास आपल्या शरीरात हाडाखेरीज आणखी कोणती कामे असतील? उत्तर शोधण्यास आता आम्ही त्यालाच सांगितले आहे. पुढील वर्षीच्या अंकात त्याचा लेख यावा, अशी आमची इच्छा आहे.